प्रवासात निसर्ग आणि लोकजीवनातून फॅशनची प्रेरणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिरून आलं की तिथलं काहीतरी आपल्या कपड्यांत उतरावं असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात हाती लागतं ते घाईघाईत घेतलेलं एखादं कापड, आणि ते पुढे कपाटात पडून राहतं. प्रवासी, शिवणकाम शिकणारे आणि हौसेने कपडे जुळवणारे लोक जे प्रश्न सारखे विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. माझा आग्रह एकच आहे. एखादा रंग, नक्षी किंवा कपड्याचा घाट उचलण्याआधी तो तिथे का आला हे बघा. तिथलं ऊन, पाणी, काम आणि मिळणारा धागा यांतून तो घडलेला असतो. हे कारण कळलं की ते आपल्या कपड्यांत कसं आणायचं हेही सुचतं.

प्रेरणा आणि नक्कल यांत फरक कसा करायचा?

पानाचं चित्र छापलेला शर्ट घातला तर पानाचं नुसतं चित्र अंगावर आलं. तेच पान हातात घेऊन उलटून बघा. वरची बाजू गडद आणि चकचकीत, खालची फिकट आणि मऊसर, शिरा खालून जास्त उठून दिसतात. आता बाहेरून गडद गुळगुळीत कापड, आतून फिकट अस्तर आणि शिवणी आतल्या बाजूला मुद्दाम ठसठशीत ठेवलेल्या, असं जॅकेट शिवलं तर त्यात पान कुठे दिसणार नाही, पण ते आलेलं असेल पानातूनच. प्रेरणा म्हणतो ती ही.

स्थानिक पोशाखाचंही असंच आहे. जसाच्या तसा उचललेला पोशाख आपल्या अंगावर नाटकातला वाटू शकतो. त्याच पोशाखातली एक युक्ती घेतली, म्हणजे खिशाची जागा, बाहीचा घेर किंवा गाठ मारायची पद्धत, की ती रोजच्या कपड्यांत सहज मिसळते.

निसर्गातले रंग कपड्यांत आणले की भडक का दिसतात?

आपण रंग उचलतो, पण त्यांचं प्रमाण तिथेच सोडून येतो. हिरव्या माळावर लाल फुलं सुंदर दिसतात, कारण लाल रंग अगदी थोडा असतो. तेच दोन रंग निम्मेनिम्मे अंगावर घेतले की एकमेकांशी भांडतात.

म्हणून कुठलंही दृश्य बघताना आधी स्वतःला विचारा: सगळ्यात जास्त जागा कुठल्या रंगाने व्यापली आहे? त्याच्या खालोखाल कुठला? आणि ठिपक्याएवढा कुठला? समुद्रकिनारा म्हटल्यावर निळा आठवतो, पण ओहोटीच्या वेळी तिथे बहुतेक जागा ओल्या वाळूच्या राखाडी-तपकिरी रंगाची असते. निळा पट्टा दूरवर असतो आणि फेसाची पांढरी रेघ बारीक असते. मातकट कुर्ता, निळी ओढणी आणि तिला बारीक पांढरी किनार असं जुळवून बघा. गडद निळ्या ड्रेसवर शंखांची चित्रं छापण्यापेक्षा यात किनारा जास्त उतरतो.

पक्षी या बाबतीत फार चांगले शिक्षक आहेत. युरोपपासून आशियापर्यंत दिसणारा छोटा खंड्या बघा. पाठ चमकदार निळी, पोट विटकरी-नारिंगी. हे रंग एकमेकांच्या विरुद्ध आहेत, तरी डोळ्यांना खुपत नाहीत. मानेजवळचा आणि गळ्याचा पांढरा भाग त्यांना जरा दूर ठेवतो, आणि डोक्यावरच्या बारीक ठिपक्यांमुळे निळा रंग सपाट राहत नाही. दोन जोरकस रंग घालायचे असतील तर मध्ये थोडा पांढरा ठेवा आणि एका रंगावर बारीक बुट्टी येऊ द्या.

फोटोत टिपलेला रंग कापडाशी जुळतच नाही. काय करावं?

कॅमेरा आपल्या हिशेबाने रंग बदलतो आणि दिवसाचा उजेडही बदलत असतो. सकाळी आणि संध्याकाळी उजेड पिवळसर असतो, सावलीत तो निळसर होतो. उपाय सोपा आहे. पहिल्या फोटोत वस्तूशेजारी साधा पांढरा कागद धरा. नंतर फोन किंवा संगणकावर तो कागद पांढरा दिसेपर्यंत रंग सुधारला की बाकीचे रंग बरेच ठिकाणावर येतात.

रंग शब्दांत लिहून ठेवणं मात्र मला फोटोहून जास्त भरवशाचं वाटतं. नुसता 'हिरवा' लिहू नका. 'भिंतीवरच्या सुकत आलेल्या शेवाळाचा' असं लिहा. स्कॉटिश चित्रकार पॅट्रिक साईम यांनी १८१४ मध्ये खनिजतज्ज्ञ वेर्नर यांच्या पद्धतीवर आधारलेली रंगांची एक यादी छापली. तिच्यात रंगाच्या नमुन्यापुढे तो कुठल्या प्राण्यात, वनस्पतीत आणि खनिजात सापडतो हे लिहिलेलं असे. प्रशियन निळ्यासमोर नर मॅलार्ड बदकाच्या पंखावरच्या डागाची नोंद आहे. बीगल जहाजावरच्या सफरीत (१८३१ ते १८३६) चार्ल्स डार्विन हीच यादी वापरत होता. तुमच्या वहीतही असा स्वतःचा रंगकोश तयार होऊ शकतो.

आणि कापड घेताना ते दुकानाबाहेर, दिवसाच्या उजेडात नेऊन बघा. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेले दोन कपडे उन्हात वेगळे दिसू शकतात, कारण त्यांच्या रंगद्रव्यांतून परत येणारा प्रकाश सारखा नसतो.

फुलं-पानं सोडून निसर्गात बघायचं तरी काय?

बांधणी बघा. रंगापेक्षाही मोठा खजिना तिथे आहे.

ताडाचं पान घ्या. इतकं मोठं आणि पातळ पान वाऱ्यात उभं राहतं ते त्याच्या घड्यांमुळे. सपाट पत्र्याला चुण्या दिल्या की तो चुण्यांच्या लांबीच्या दिशेने सहज वाकत नाही. कापडाचंही तेच आहे. पातळ कापडाला एकसारख्या प्लीट्स दिल्या की ते अंगाला चिकटत नाही, स्वतःचा आकार धरून राहतं. जपानी डिझायनर इस्सेई मियाके यांनी १९९३ मध्ये फक्त प्लीट्सवर उभी असलेली कपड्यांची मालिका सुरू केली. त्यात कपडा आधी बराच मोठा शिवतात आणि मग उष्णता आणि दाब देऊन त्याला चुण्या पाडतात. त्यामुळे तो चुरगळत नाही आणि शरीराबरोबर हलतो.

माशांचे खवले बघा. प्रत्येक खवला पुढच्याचा थोडा भाग झाकतो, म्हणून संरक्षणही मिळतं आणि वाकताही येतं. झालरी किंवा कापडाचे तुकडे एकावर एक लावताना हे डोक्यात असलं तर कपडा जड होत नाही. वाळूवरच्या लाटा दुरून समांतर वाटतात. जवळून बघितलं तर मधूनच दोन रेघा मिळून एक होते. धावदोऱ्याचं भरतकाम करताना हा एक बारकावा आणला तरी नक्षी जिवंत वाटते.

निळं मॉर्फो फुलपाखरू माझं विशेष आवडतं. त्याच्या पंखांत निळं रंगद्रव्यच नसतं. खवल्यांवरच्या अतिसूक्ष्म कंगोऱ्यांवरून प्रकाश असा परततो की निळा तेवढा डोळ्यांपर्यंत येतो. पंखावर अल्कोहोल टाकलं तर तोच पंख हिरवा दिसतो आणि वाळला की पुन्हा निळा. कापडात याच्या जवळ जाणारी गोष्ट आपल्याला ओळखीची आहे: धूपछाव. ताणा, म्हणजे उभे धागे, एका रंगाचा, बाणा, म्हणजे आडवे धागे, दुसऱ्या रंगाचा, आणि हालचालीबरोबर रंग पालटतो. तळ्याचं पाणी किंवा कबुतराच्या मानेची झळाळी कपड्यात हवी असेल तर छापील कापडापेक्षा धूपछाव शोधा.

नुसतं दिसणंच नव्हे, उपयोगाच्या गोष्टीही निसर्गातून आल्या आहेत. स्विस अभियंता जॉर्ज द मेस्त्राल १९४१ मध्ये फिरून आला तेव्हा त्याच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना एका रानटी झाडाची काटेरी फळं चिकटली होती. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला त्या काट्यांच्या टोकाला वाकलेले हूक दिसले. बॅगांना आणि बुटांना आज जी वेल्क्रोची चरचरणारी पट्टी असते, ती तिथून आली.

स्थानिक लोकांच्या कपड्यांत काय टिपायचं?

सणाच्या पोशाखाआधी कामाचे कपडे बघा. मासेमार, शेतकरी, गवंडी, बाजारात बसणाऱ्या बायका, सायकलवरून माल नेणारे. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच हवेत काम करत आले आहेत, आणि त्यांच्या कपड्यात बिनकामाचं फारसं काही उरत नाही.

वाळवंटातले काळे घोळदार झगे हे त्याचं सुंदर उदाहरण. काळ्या रंगाने उकाडा वाढेल असं कोणालाही वाटेल. सिनाईमधल्या बेदूइन लोकांच्या झग्यांवरचा एक अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त उष्णता शोषतो खरा, पण ती जास्तीची उष्णता कातडीपर्यंत पोहोचायच्या आत निघून जाते. आत पोहोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच. झगा सैल असल्याने आतली हवा खेळती राहते. म्हणजे उन्हाळ्याचा कपडा निवडताना रंगाइतकंच लक्ष घेराकडे द्यायला हवं.

आडव्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा टी-शर्ट आज जगभर दिसतो. त्याचं मूळ फ्रेंच खलाशांच्या गणवेशात आहे. १८५८ च्या आदेशात अंगावरच्या पांढऱ्या पट्ट्यांची संख्यासुद्धा ठरवून दिली होती: २१. पुढे फ्रेंच डिझायनर कोको शनेलने तो किनाऱ्यावरून फॅशनच्या जगात आणला.

उत्तर जपानमधल्या त्सुगारु भागातली गोष्ट मला सगळ्यांत जास्त भिडते. तिथे कडाक्याची थंडी, आणि पूर्वी शेतकऱ्यांना सुती कपडे घालायला मनाई होती. त्यांच्याकडे होतं ते जाडंभरडं, विरळ विणीचं तागासारखं कापड. बायकांनी त्या विणीच्या फटी पांढऱ्या सुती दोऱ्याच्या टाक्यांनी भरून काढल्या. ऊब आली, खांदे मजबूत झाले, आणि टाके मोजून घालावे लागत असल्यामुळे शंकरपाळ्याच्या आकाराची देखणी नक्षी उमटली. तिला कोगिन म्हणतात. एखादी नक्षी आवडली की ती कपड्याच्या नेमक्या कुठल्या भागावर आहे हे जरूर बघा. खांदा, कोपर, गुडघा, गळा यांवर ती असेल तर बहुतेक वेळा त्यामागे झीज, थंडी किंवा ओझं असतं.

लोकांचे फोटो काढले तर चालतात का?

विचारून काढा. भाषा येत नसेल तर कॅमेरा दाखवून मान हलवणं पुरतं, आणि समोरच्याने नाही म्हटलं तर विषय संपला. प्रार्थनेची ठिकाणं, अंत्यविधी आणि लहान मुलं यांच्या बाबतीत कॅमेरा पिशवीतच राहू द्या. अनेकदा फोटोची गरजही नसते. वहीत बाहीचा आकार आणि गाठीची जागा काढून ठेवा. हाताने काढताना डोळा जास्त बघतो.

हाताने केलेलं कापड आणि यंत्रावरची नक्कल कशी ओळखायची?

कापड उलटा. पहिली परीक्षा हीच.

इकतमध्ये विणण्याआधीच सूत बांधून रंगवतात, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी दिसते आणि तिच्या कडा किंचित पसरट असतात. छापील नकलेची मागची बाजू फिकट असते. मेण लावून रंगवलेल्या बाटिकमध्येही रंग आरपार गेलेला असतो, आणि मेण जिथे तडकलं तिथे केसासारख्या बारीक रेषा येतात. प्रत्येक तडा वेगळा असतो. सगळ्या ठिकाणी तोच तडा पुन्हा दिसला तर ती छपाई आहे. लाकडी ठशांच्या छपाईत एक ठसा संपून दुसरा सुरू होतो तिथे नीट बघा. रेघ केसभर सरकलेली असते, कुठे रंग दाट तर कुठे विरळ. मला तो सांधा फार आवडतो, कारण तिथे माणसाचा हात दिसतो.

हातमागाच्या कापडाच्या काठाजवळ बऱ्याचदा ओळीने बारीक छिद्रं असतात. विणताना कापडाची रुंदी ताणून धरणाऱ्या काठीच्या टोकांची ती खूण. यंत्रमागाच्या कापडावरही अशा खुणा येऊ शकतात, म्हणून केवळ तेवढ्यावर निर्णय घेऊ नका.

धागा ओळखायचा असेल तर सुटलेला एक दोरा घरी नेऊन जाळून बघा. सुती दोऱ्याला जळक्या कागदाचा वास येतो, रेशीम आणि लोकरीला जळक्या केसांचा, आणि पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.

जमलं तर विणणाऱ्याकडून किंवा छापणाऱ्याकडूनच घ्या. कापडामागचे किती दिवस, कुठलं पाणी, कुठला रंग हे सांगणारा माणूस समोर असतो, आणि पैसे थेट त्याच्या हातात जातात.

दुसऱ्या समाजाची नक्षी किंवा पोशाख आपण घालावा का?

त्या लोकांनी स्वतः बाहेरच्यांसाठी विकायला ठेवलेली वस्तू विकत घेऊन घालण्यात गैर काही नाही. त्यावर त्यांचं घर चालतं. ज्या वस्तूला मान, धर्म किंवा शोक जोडलेला आहे ती मात्र वेगळी. उत्तर अमेरिकेतल्या मैदानी प्रदेशातल्या आदिवासींमध्ये गरुडाच्या पिसांचा शिरपेच कर्तृत्वाने मिळवावा लागतो. तो पार्टीत घालणं म्हणजे न मिळवलेलं पदक छातीवर लावणं.

नक्षी उचलून त्यावर धंदा करण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. पनामातल्या गुना समाजाच्या बायका मोला नावाचं काम करतात. कापडाचे अनेक थर एकावर एक ठेवतात, वरचे थर कापून दुमडतात आणि खालचे रंग दिसतील असे बारीक टाके घालतात. ही नक्षी पूर्वी अंगावर रंगवली जात असे, पुढे ती कापडावर आली. अशा सामूहिक ज्ञानाला संरक्षण देणारा कायदा पनामाने २००० मध्ये केला. २०१९ मध्ये नायकी कंपनीने मोलासारख्या नक्षीचा बूट जाहीर केला. गुना प्रतिनिधींनी आक्षेप घेतला आणि कंपनीला तो बाजारात आणणं रद्द करावं लागलं.

तुम्ही कपडे बनवून विकत असाल तर तंत्र शिकवणाऱ्याचं आणि त्याच्या समाजाचं नाव वस्तूबरोबर लिहा, नक्षी वापरायची परवानगी मागा आणि काम त्यांच्याकडूनच करून घ्या. नुसतं 'आदिवासी डिझाइन' असं लेबल लावणं मला अन्यायाचं वाटतं. त्या माणसांना नाव आहे.

मोठे डिझायनर खरंच प्रवासातून शिकले का, की या नंतर सांगायच्या गोष्टी?

खरंच शिकले. फ्रेंच डिझायनर ईव्ह सॅन लोराँ १९६६ मध्ये पहिल्यांदा मोरोक्कोतल्या माराकेशला गेले. त्याआधी सगळं काळं होतं, असं ते स्वतः सांगत. तिथल्या झग्यांच्या आणि भिंतींच्या रंगांनी त्यांची रंगांची समज बदलली. ते तिथे वर्षानुवर्षं परत जात राहिले आणि १९८० मध्ये त्यांनी आणि त्यांचे जोडीदार पिएर बर्जे यांनी तिथली माजोरेल बाग विकत घेऊन ती वाचवली. एका भेटीत उचललेली नक्षी आणि वर्षानुवर्षं मुरलेला रंग यांतला फरक इथे दिसतो.

फ्रेंच डिझायनर क्रिस्टियान दिओर यांना मात्र दूर जावं लागलं नाही. फ्रान्समधल्याच ग्रानविल गावातल्या लहानपणच्या घराची बाग त्यांच्या मनात कायम राहिली. १९४७ च्या त्यांच्या पहिल्याच संग्रहातल्या एका घाटाचं नाव 'कोरोल', म्हणजे फुलाचा पाकळ्यांचा घेर. बारीक कंबर आणि खाली उमललेला स्कर्ट. फुलाचा छाप न वापरता त्यांनी स्त्रीला फुलाचा आकार दिला.

नैसर्गिक रंगाचं कापड आणलं, ते कसं जपायचं?

निळीच्या झाडापासून केलेल्या रंगात (इंडिगो) बुडवलेला कपडा रंगाच्या भांड्यातून बाहेर येतो तेव्हा निळा नसतो, पिवळट हिरवा असतो. हवा लागली की डोळ्यांदेखत तो हिरवा आणि मग निळा होत जातो. कारण नीळ पाण्यात विरघळत नाही. भांड्यात तिचं विरघळणारं रूप केलेलं असतं आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे ती पुन्हा मूळ रूपात येऊन धाग्याला धरून बसते. ती बरीचशी धाग्याच्या वरच्या भागातच राहते, म्हणून सुरुवातीला घासली की हाताला लागते. हा दोष नव्हे. पहिले काही वेळा वेगळं धुवा, आणि नवा निळा कपडा पांढऱ्या सोफ्यावर टेकवू नका.

हळदीचा पिवळा उन्हात लवकर उडतो आणि तीव्र साबणाने लालसर होतो. कोचिनील किड्यापासून केलेला लाल आंबट पदार्थाने नारिंगीकडे झुकतो, तर साबणासारख्या अल्कधर्मी गोष्टीने जांभळ्याकडे. म्हणून सगळ्यांसाठी नियम एकच: थंड पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवणं आणि लिंबू किंवा सोडा यांचे घरगुती प्रयोग टाळणं.

शंख, पिसं, प्रवाळ दागिन्यांसाठी आणावेत का?

शक्यतो नाही. रिकाम्या शंखात शंखखेकडे घर करतात. धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावर साइट्स हा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून लागू आहे. कित्येक प्रवाळ, कासवाची पाठ, हस्तिदंत आणि काही सरपटणाऱ्या प्राण्यांचं चामडं त्यात येतं. विकत मिळालं म्हणजे सीमेपलीकडे नेता येतं असं नाही. आकार कागदावर उतरवून घ्या आणि दागिना धातूत किंवा मातीत घडवा.

वेळ कमी असेल तर काय बघावं?

एकच जागा निवडा आणि तिथे सकाळी एकदा, दुपारी एकदा, दिवे लागताना एकदा जा. भिंतींचा रंग, लोकांच्या डोक्यावरचं कापड, सावल्यांची लांबी सगळं बदललेलं असतं. दहा ठिकाणी धावण्यापेक्षा यात जास्त मिळतं. संग्रहालयात वस्त्रांचं दालन असेल तर तिथे आधी जा, बाजारात नंतर. चांगलं जुनं काम डोळ्यांखालून गेलं की बाजारातलं खरं-खोटं लवकर कळतं.

परत आल्यावर सुरुवात कुठून करू?

कपाटापासून. वहीतलं रंगांचं प्रमाण आहे त्या कपड्यांत जुळतं का ते आधी बघा. पुष्कळदा एखादी ओढणी, अस्तर किंवा बटणं बदलूनच काम होतं.

नवीन शिवायचं असेल तर शिंप्याकडे तयार कपड्याचा फोटो नेण्याऐवजी आवडलेली एकच गोष्ट काढून न्या: हा घेर, ही घडी, हा खिसा. बाकीचं तुमच्या मापाचं आणि सवयीचं राहू द्या. हातमागाचं सुती कापड कापण्याआधी एकदा भिजवून वाळवा, कारण ते पहिल्या धुण्यात आटतं. घेतानाच थोडं जास्त घ्या, आणि उरलेला तुकडा त्या जागेच्या, आणि विणणाऱ्याची हरकत नसेल तर त्याच्याही नावासकट वहीत डकवून ठेवा.